हिरवी वायर

ह्यांना एकदा खूळ लागलं की माझं कोण ऐकतंय? ह्या वेळी लेकीसाठी घरातच व्हिडिओ गेमचं मशीन करायचं होतं. प्लायवूडचं उभं कपाट, मध्ये जुना टीव्ही, हात ठेवायला लोखंडी पत्रा आणि पत्र्यावर रंगीबेरंगी बटणं. महिनाभर हॉलचं सुताराचं दुकान झालं होतं.

माझा दादा वायरमन आहे. "त्याला एकदा दाखवून घ्या की," मी म्हटलं. ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मी काय दूधखुळा आहे? बटणांचे दिवे पाच व्होल्टवर चालतात. त्यानं मुंगीसुद्धा मरत नाही."

वर लेकीचं नाव झळकवायला मात्र ट्यूब होती, आणि ती घरच्या विजेवर होती. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही वाद वाढवला नाही.

एका दुपारी दादा सहज डोकावला. हे कामावर होते, लेक शाळेत. मशीन दिसल्यावर दादाला कुठलं राहवतंय? मागची फळी काढून त्याने आत बॅटरी मारली.

"काम नीटस आहे हं तुझ्या नवऱ्याचं," तो म्हणाला आणि मग पत्र्याखाली वाकला.

"पत्र्याला अर्थिंगच नाही. हिरवी वायर वर ट्यूबपर्यंत नेलीय आणि खाली विसरलेत. पोरगी अनवाणी खेळणार. उद्या पत्र्यात करंट उतरला म्हणजे?"

त्याने हिरव्या वायरला टेस्टर लावला. तो पेटला नाही. पेटणार कसा, ट्यूबचा स्विच बंद होता. पण हिरवी म्हणजे अर्थिंग, ह्यावर दादाने आयुष्य काढलेलं. त्याने त्या वायरला एक तुकडा जोडून पत्र्याला घट्ट आवळला आणि फळी होती तशी लावली.

"दाजींना बोलू नकोस. उगाच मनाला लागायचं."

मी कशाला बोलतेय? घरात शांतता मलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उद्घाटन. सासूबाई खुर्चीत, शेजारच्या वहिनी दारात, लेक मशीनपुढे, दोन्ही तळहात पत्र्यावर. बटणं लुकलुकत होती, ट्यूब तेवढी लावायची राहिली होती. हे बाजूच्या स्विचवर बोट ठेवून भाषण ठोकत होते.

"एकही वायर चुकायची नाही. लाल बटणाला लाल, निळ्याला निळी. आणि वर नाव हिरवं झळकणार, म्हणून ट्यूबला करंट नेणारी वायर हिरवी."

दादाने पत्र्याला जोडलेली तीच. मी लेकीचा दंड धरून तिला अशी ओढली की ती माझ्या अंगावर आदळली. तेवढ्यात स्विच वाजला. नाव हिरवंगार उजळलं आणि सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

लेक रडायला लागली. ह्यांचा चेहरा उतरला. महिनाभराच्या हौसेवर मी चारचौघांत पाणी फिरवलं होतं.

"काय गं हे वेड्यासारखं?" ते म्हणाले. मग लेकीकडे वळले. "घाबरू नको बाळा. बाबांनी केलंय ना? हे बघ."

ते अनवाणीच होते. त्यांनी हात पुढे केला.

माझ्या तोंडात पहिला शब्द आला तो "दादानं", आणि तो सांगायचा नाही म्हणून मी गिळला. दुसरा शब्द सापडेपर्यंत ह्यांचा तळहात पत्र्यावर टेकला होता.