ब्रेकमधली हवा

"दाब," मिस्त्री जीपखालून म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "दाबा. दाबा, वहिनी."

वहिनीने पेडल दाबलं. 'दाब' कुणाला होतं ते तिला कळलं असणारच.

ब्रेकची हवा काढणं हे दोघांचं काम. नवे पाइप जोडले की तेलात हवा अडकते, आणि हवा असली की पेडल उशीवर पाय ठेवल्यासारखं आत जातं. वरच्याने चार-पाच वेळा दाबायचं, शेवटी दाबून धरायचं आणि "धरला" म्हणून हाक द्यायची. मग खालच्याने चाकामागचा छोटा बोल्ट सैल करायचा. बुडबुडे तेलाबरोबर नळीतून बाटलीत येतात. बोल्ट पुन्हा आवळला की खालचा म्हणतो, "सोड." त्याआधी वरच्याने पाय उचलला की हवा परत आत, आणि केलं-सवरलं सगळं पाण्यात.

वीस वर्षं हा वरचा माणूस दादा होता, मिस्त्रीचा थोरला भाऊ. त्याची टेकडीवर रोपवाटिका होती, तिथे काम ढीगभर. तरी सुट्टीच्या दिवशी हा इथे येऊन दुसऱ्यांच्या गाड्यांचे ब्रेक दाबत बसायचा. "धरला रे, जन्मभर धरतो. खाली झोपलास की काय?" असं ओरडायचा.

दादाला जाऊन आठ महिने झाले होते. मिस्त्रीला अजून रडू आलं नव्हतं. तो कामाला येत होता, जेवत होता, गिऱ्हाइकांशी बोलत होता, आणि आत सगळं बधिर होतं. बायको म्हणायची, "एकदा रडून मोकळे व्हा हो." आता रडणं म्हणजे काय नळ आहे, चावी फिरवली की आलं?

जीप दादाचीच. बावीस वर्षांची, डाव्या अंगाला चेपलेली. टेकडीच्या चिखलात ती रुतायची म्हणून दादाला मोठी चाकं हवी होती, आणि ती मिस्त्रीनेच बसवली होती. लहान मुलाने बापाचे बूट घालावेत तशी दिसत होती गाडी. दादा तिच्याभोवती तीनदा फिरला होता, इतका खूश. चाक मोठं झालं की ते थांबवायला जोर जास्त लागतो, हे मिस्त्रीला झोपेतही सांगता आलं असतं. ब्रेक मात्र जुनेच राहिले. आठच दिवसांनी गुलाबाची रोपं भरून उतरताना तिसऱ्या वळणावर गाडी थांबली नाही.

त्या दिवशी दादाच्या घरात माणसं जमली होती आणि सगळी मिस्त्रीकडे बघत होती. तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी म्हटलं होतं त्याला, आधी ब्रेक कर म्हणून. ऐकेल तर शपथ!" लोकांनी माना हलवल्या. हट्टी होताच तो, म्हणाले. झालं. तेवढ्या एका वाक्यावर मिस्त्री आठ महिने निभावून गेला होता.

गेल्या आठवड्यात वहिनीने जीप इथे ओढून आणवली. "मला चालवायचीय ती," एवढंच म्हणाली. "रोपं काय डोक्यावरून नेऊ? पण ब्रेक असे करा, भाऊजी, की मनात शंका नको." मिस्त्रीने काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. पुढे ड्रम काढून मोठ्या डिस्क, जोर वाढवायला मोठा बूस्टर, नवा सिलिंडर, मागे नवे लायनर. आज सुट्टी, कामगार नव्हते, म्हणून वहिनीच पेडलवर बसली होती. ती कमरेएवढी चाकं भिंतीला टेकून उभी होती.

तीन चाकं झाली. चौथं राहिलं, ड्रायव्हरच्या बाजूचं. दार उघडं होतं, त्यामुळे खाली आडव्या पडलेल्या मिस्त्रीला वहिनीचा पाय दिसत होता.

"लेक म्हणते, विकून टाक ही गाडी," वहिनी म्हणाली. "म्हणते, काकाने सांगूनही बाबांनी ऐकलं नाही, आपला विचार केला नाही, मग आपण कशाला कुढायचं? खोलीतला त्यांचा फोटोसुद्धा उतरवलाय तिने."

मिस्त्रीने पाना बोल्टला लावला. "दाबा. धरा."

"धरला."

त्याने बोल्ट सैल केला. एक बुडबुडा आला, मग आणखी एक, मग नुसतं स्वच्छ तेल. त्याने बोल्ट आवळला. आता 'सोडा' म्हणायचं होतं.

"मी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"ब्रेकचं. दादाने विचारलं होतं मला. इथेच उभा होता. 'ब्रेक पुरतील ना रे?' म्हणाला. मला जेवायला घरी जायचं होतं. मी म्हटलं, चालतंय की. त्या दिवशी तुमच्या घरी, लोकांसमोर मी खोटं बोललो, वहिनी."

वहिनीचा पाय पेडलवर तसाच होता. पोटरी थरथरायला लागली होती.

"विचारलं होतं त्यांनी?" वहिनीने विचारलं.

"हो."

"आठ महिने मी त्यांच्यावर रागावलेय, भाऊजी. रोज. जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून रागावलेय." तिचा आवाज चढला नाही, हेच मिस्त्रीला सोसेना. "लेकीला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

"सांगतो."

"आजच."

"आजच."

आता काहीतरी फुटेल, रडू येईल, म्हणून तो वाट बघत राहिला. काही आलं नाही. पाना हातात गार पडला होता.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "पाय भरून आलाय. सोडू का?"

बोल्ट कधीचाच आवळला होता. तरी त्याने तो पुन्हा एकदा चाचपून बघितला.

"सोडा," तो म्हणाला. पण वर ऐकू जाईल एवढा आवाज त्याच्या घशातून निघालाच नाही, आणि वहिनी तशीच धरून बसली.