पाठीमागचा ढग

"अहो, मागे बघा."

पस्तीस वर्षांपूर्वीचा तो आवाज फोटोवाल्याच्या कानात अजून तसाच होता. वाऱ्यानं अर्धा पळवलेला, थंडीनं कापरा. कड्याच्या वाटेवर तो हटकून ऐकू यायचा. आज मात्र तो आवाज जीपमध्ये शेजारीच बसला होता, मांडीवर जुनी शाल घेऊन, दर वळणाला धापा टाकत.

ही उंची आता बायकोच्या छातीला झेपायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. स्टुडिओची पाटी उतरली होती. उद्या सकाळी दोघं खाली, लेकीकडे, कायमचे.

"मला कशाला आणलंत? धाप लागलेलं माणूस कुणाच्या काय कामाचं?"

"वारा अडवायला."

"तेवढ्यासाठीच लग्न केलंत."

"तेवढ्यासाठीच."

थट्टा होती, पण अगदीच खोटी नव्हती. कड्यावरचा वारा मोठा द्वाड. कॅमेऱ्याची तिकाटी थरथरायची, फोटो हलायचा. म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ती तिकाटीच्या पुढ्यात, भिंगाच्या खाली बसायची. वाऱ्याकडे पाठ, दोन्ही हातांनी शाल ताणलेली. वारा पश्चिमेचा आणि सूर्य बुडायचा तोही तिकडेच. त्याच्या पेट्यांत शेकडो संध्याकाळी साठल्या. तिनं त्या पाहिल्या त्याच्या चेहऱ्यावर. "आज छान दिसतंय," ती म्हणायची, "तुमच्या नाकावर शेंदरी आलंय."

अशाच एका फिक्या संध्याकाळी तो पिशवी आवरत असताना ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली होती, "अहो, मागे बघा." पूर्वेच्या शिखरावर एकच ढग, आतून दिवा लावल्यासारखा. तो फोटो कॅलेंडरवर गेला, बँकेत लागला, दातांच्या दवाखान्यात लागला. कॅलेंडरवाले घरी आले, म्हणाले, "सगळे सूर्याकडे बघतात. तुम्हाला मागे वळायचं सुचलं कसं?"

"सुचलं," तो बोलून गेला. ती तेवढ्यात चहा घेऊन दारात आली होती. तिनं कप ठेवला, पाहुण्यांना साखर विचारली. पुढे कधी विषय काढला नाही. त्यानंही नाही. पण माशाचा काटा अडकावा तसा तो शब्द त्याच्या घशात राहिला.

कड्यावर त्याचे सहा विद्यार्थी आधीच कॅमेरे मांडून बसले होते. पश्चिमेला ढगांचे थरावर थर, कडांना सोनं. त्यानं तिकाटी उभी केली. सवयीनं ती पुढ्यात बसायला गेली.

"नको. आज तिकडे तोंड कर."

"आणि वारा?"

"येऊ दे."

त्यानं घडीच्या खुर्चीवर तिला बसवलं, शाल तिच्याच खांद्यांभोवती गुंडाळली. सूर्य ढगाआड शिरला, खालून परत निघाला, दऱ्या जांभळ्या झाल्या.

"एवढं असतं होय हे?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही उगीच तोंड रंगवून घेता."

तिकाटी थरथरत होती. आजचा फोटो हलणार हे दिसतच होतं. त्यानं डोळा भिंगाला लावलाच नाही. तो तिच्या नाकावरचं शेंदरी बघत राहिला. एवढी वर्षं हिनं काय पाहिलं ते त्याला आत्ता कळलं.

सूर्य बुडाला. मुलं आवराआवर करू लागली, तशी चष्मेवाली विद्यार्थिनी जवळ आली. "सर, शेवटचं विचारते. त्या दिवशी मागे वळायचं तुम्हाला सुचलं कसं?"

सगळे थांबले. पश्चिमेवरची नजर न काढता बायको हळूच म्हणाली, "सांगा की. सुचलं म्हणून."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मला नाही सुचलं," तो म्हणाला. "मी पिशवी आवरत होतो. ही इथं खाली बसली होती, सगळा वारा पाठीवर घेऊन. हिनं मला मागे बघायला सांगितलं. तो फोटो हिचा आहे."