बंद ठेवायची मोटर

“उद्या साहेब येतील तेव्हा मोटर बंद पाहिजे,” कारभारी म्हणाले. “समजलं ना चिंधा? बंद.”

मोटर गेली आठ वर्षं बंदच होती, तेव्हा हे काम चिंधाला जड जाण्यासारखं नव्हतं. थोरल्या जहागीरदारांनी ती मुंबईहून आणली होती. होडीच्या मागे लावायची आणि तापीच्या डोहात मगरी मारायच्या, असा बेत होता. मगरींनी तिचा आवाज एकदाच ऐकला. मग ती रुसली, पुढे जहागीरदारही गेले, आणि धाकट्यांना ना मगरींत रस, ना मोटरीत. तिच्यासाठी नेमलेल्या मिस्त्रीला, म्हणजे चिंधाला, काढून टाकायचं मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. चिंधाचा बाप भोई, आजा भोई. दोघांची हयात नाव वल्हवण्यात गेली. चिंधाला सारं गाव मिस्त्री म्हणे. दसऱ्याला तो मोटरीला झेंडूचा हार घाली आणि कोणी विचारलं की सांगे, “व्हई ना आते चालू.”

आता लढाई सुरू होती. सरकार चालू यंत्रं उचलून नेत होतं. बंद पडलेल्यांना हात लावत नव्हतं.

“मोटर गई तर तू कसाना मिस्त्री?” कारभारी जाता जाता म्हणाले. ते कचेरीत मराठी बोलत आणि अंगणात अहिराणी. “वल्हं मारशी बापनामायक.”

बापासारखं वल्हं मारायचं, हे डोक्यात घेऊन चिंधा घरी आला, बसला, उठला, ओसरीवर गेला, परत आत आला.

“बठ ना एक जागवर,” जसोदाबाई म्हणाली. “बंद मोटर बंद ठेवनी शे. त्यामा काय हिंडनं?”

“एकदाव ऐकी लिसू. मंग परत बंद करी ठेवसू. कोनले समजाव नही.”

“आठ वरीस ऐकी नही. आज काय नवा कान लाया का?”

बायकोचं चुकत नव्हतं. मोटरीला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरचे स्क्रू गंजाने असे धरले होते की चिंधाने त्यांना पुसण्यापलीकडे काही केलं नव्हतं. एखादा तुटला तर मिस्त्रीपण त्याच्याबरोबर जायचं. आज त्याने त्यांवर तेल सोडलं, हलकेच ठोकलं आणि जीव खाऊन पेचकस पिळला. कुरकुरत एकेक सुटला. आत जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. सुई चिकटलेली, भोकं बुजलेली. धुवायला पेट्रोल हवं, आणि पेट्रोलला परमिट. जहागीरदारांच्या गाडीतून नळीने ओढलेलं बाटलीभर होतं, पण ते धुण्यात घालवलं तर मोटर कशावर चालायची? जसोदाबाईने गुडघ्याला चोळायला ठेवलेली, दोनदा गाळलेली मोहाची दारू त्याने वाडग्यात ओतली आणि सगळे भाग बुडवले. डिंक सुटला. भोकं त्याने घोडीच्या शेपटीच्या केसाने मोकळी केली.

पण त्या वाडग्यात बुचाचा तरंगाही होता. पेट्रोल पुरेसं भरलं की वर यायचं आणि सुईने वाट बंद करायची, एवढीच त्याची नोकरी. त्याच्यावरचा लाखेचा लेप दारूत उतरला. जोडून पाहिलं, तर बूच पेट्रोल पिऊन तळाला बसलं आणि कार्ब्युरेटर वरून वाहू लागला.

“तुन्ही मोटरले भी चढी गई का?” जसोदाबाईने विचारलं.

कारभारी जेवायला गेल्याचं बघून चिंधा कचेरीत शिरला आणि टपालावर मोहर करायची लाखेची कांडी घेऊन आला. उरलेल्या मोहाच्या दारूत ती विरघळवून त्याने वाळवलेलं बूच पुन्हा पुन्हा बुडवलं आणि उन्हात ठेवलं. बूच लालभडक झालं. सरकारी कागदासारखं दिसत होतं, पण तरंगलं.

उजाडताच त्याने मोटर होडीला लावली, चाकाला दोरी गुंडाळून ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तळहात सोलून निघाला तेव्हा ती खोकली, थांबली, आणि मग एकदम धरली. डोहावरचे बगळे उडाले. एकदाच ऐकायचं ठरलं होतं. चिंधाने दुसरी फेरी मारली. मग आणखी एक.

काठाला लागल्यावर त्याने सुई काढून खिशात टाकली. मोटर बंद झाली, हुकमाप्रमाणे.

साहेब धुळ्याहून आले. कारभाऱ्यांनी हात जोडून सांगितलं, “आठ वर्षं बंद आहे साहेब.”

साहेबांनी बुटाच्या टोकाने मोटरीला जरासं ढकललं. “मेलेलीच दिसते. भंगार म्हणून लिहा.”

कारकुनाने दौत उघडली. चिंधाचा हात खिशाकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला.

“चालस,” तो म्हणाला.

कारभाऱ्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

“चालस साहेब. जिती शे.”

त्याने सुई जागेवर बसवली. या वेळी दोरीच्या एका झटक्यात मोटर सुरू झाली. कारभारी नदीकडे बघत राहिले.

दुपारी मोटर बैलगाडीत चढली. “आडवी नका ठेवू भो,” चिंधा गाडीवानाला म्हणाला. गाडीवानाने ती आडवीच ठेवली. कारभारी अंगणात उभे होते, पण मराठीत बोलले, “उद्यापासून नावेवर ये, चिंधा.” मिस्त्री हा शब्द त्यांनी सोडून दिला.

जसोदाबाई घागर घेऊन नदीवर आली, तेव्हा तो काठाला उकिडवा बसून वाळूने हात घासत होता. घासत होता, थांबत होता, पुन्हा घासत होता. ती काही विचारेल म्हणून त्याने मान वर केली नाही.

“तुन्हा हातले आजून पेट्रोलना वास ई ऱ्हायना,” ती म्हणाली.

चिंधाने घासणं थांबवलं. हात पाण्यात न बुडवता वाळू तेवढी झटकली, आणि तिची भरलेली घागर उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.