रिकामी पोटे आणि माझ्या काचेवरचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या काचेवर बुरशीचा एक ठिपका आहे. तो आधीच सांगून टाकतो. खाडीकाठच्या प्रयोगशाळेत बोटाएवढ्या माशांची पोटे उघडली जात आणि ते काय खातात हे मी दाखवत असे. तेव्हा माझे कौतुक होई. पुढे पडद्याचे नवे यंत्र आले आणि माझी जागा कपाटामागे गेली.

एके सकाळी ते यंत्र बिघडले. मासे तपासणाऱ्या बाईंनी मला पुसून टेबलावर घेतले. मासेमारी खात्याच्या साहेबांना बारा वाजता अहवाल हवा होता. माशांना खाडीत अन्न मिळत नसेल, तर वर्षभर मासेमारी बंद.

पहिले पोट रिकामे. दुसरे रिकामे. विसावेही! दोष माझ्याच काचेत तर नसेल?

"रिकामी ना? मग लिहा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले.

मासे आणणारी मावशी दारातच उभी होती. "साहेब, आमच्या चुलीवर पाणी ओतू नका हो!"

"मावशी, मासे कधी धरले?" बाईंनी विचारले.

"पहाटे. बर्फ संपला होता, फडक्यात बांधून आणले. ताजेच आहेत की!"

बाईंचा हात थबकला. "मासा मेला तरी पोटातला रस काम करतच राहतो. उकाड्यात सगळं जिरलं असेल."

"म्हणजे घोळ मीच घातला?" मावशी मटकन खाली बसली.

"'असेल'वर माझी सही होत नाही," साहेबांनी घड्याळ पाहिले. वीस मिनिटे उरली होती.

बाईंनी आतड्याचे शेवटचे टोक कापून बशीत ठेवले. माझे चाक फिरू लागले. धुरकट. आणखी धुरकट. मग कवचाचा एक तुकडा दिसला! शेजारी केसाहून बारीक मिशी. पाण्यातल्या इवल्या जिवांची कवचे सहजी जिरत नाहीत, मित्रांनो. बारापर्यंत सातच मासे पाहून झाले. सातही जेवलेले होते.

साहेब माझ्यावर वाकले. "आणि हा काळा ठिपका?"

"तो याच्या म्हातारपणाचा. बाकी सगळं माशाचं."

साहेबांनी पेनाला टोपण लावले. "उद्या बर्फात आणा. तोवर बंदी नाही."

"बर्फात काय, पाळण्यात घालून आणते!" मावशी डोळे पुसत म्हणाली.

मित्रांनो, जुन्या काचा पुसत जा. आणि कुणाचे पोट रिकामे दिसले, तर तो उपाशी होता असे लिहिण्याआधी आणखी एकदा वाकून पाहा.