देवाच्या तट्टाचे खोगीर

तट्टू माझ्या कमरेहून थोडेसेच उंच होते. टेम्पोतून उतरवल्यावर ते देवळासमोरच्या फरशीवर उभे राहिले आणि जमलेल्या माणसांत हसू पसरले.

"बब्रुवान, देवाला घोडं बोलला होतास न्हवं? ही तर शेळी हाय!"

"वाढंल की," बब्रुवान म्हणाला. त्याचा मुलगा मोठ्या दुखण्यातून उठला होता आणि नवस फेडल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडावे तसे पडले होते. "इकनारा म्हनला, लई उंच व्हतंय हे."

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, तट्टाचा ओठ हलकेच वर केला, दात पाहिले आणि ओठ पुन्हा मिटवला. देवाचा घोडा सांभाळण्याचा मान आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. घरी येताना ते मला म्हणाले, "दुधाचा एक बी दात ऱ्हायला न्हाय, श्रीदेवी. हे हाय एवढंच ऱ्हानार."

नवसाचे जनावर परत करता येत नाही. जुना घोडा उन्हाळ्यात गेला होता आणि षष्ठीची यात्रा जवळ आली होती. यात्रेत पालखीपुढे घोडा चालतो. त्याच्यावर कोणी बसत नाही, म्हणजे देव बसतो. देवाला वजन नसते. खोगिराला असते.

ते खोगीर सागवानी सांगाड्याचे, जाड कातड्याचे, पितळी फुलांनी जडवलेले. उचलायला दोन माणसे लागत. आप्पांनी शेजाऱ्याला हाताशी घेऊन ते एकदा तट्टावर ठेवून पाहिले. मानेपासून शेपटीपर्यंत तट्टू झाकले गेले. पोटाखालून आवळायचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही सैल लोंबला. तट्टाने पुढचे पाय फाकवले आणि ते नुसते उभे राहिले. ओझ्याला विरोध करायचा असतो हे त्याला अजून कोणी शिकवलेच नव्हते.

"असं मिरवलं तर पाठ जाईल ह्येची," आप्पा म्हणाले.

आम्ही मुरुमच्या बाजाराला गेलो. बैलांच्या झुली आणि वरातीच्या घोड्यांचे सामान विकणाऱ्या गौरीशंकरने विचारले, "बसनार कोन?"

"देव."

"मंग वजनाची काळजी न्हाय," तो हसला. पण आप्पा हसले नाहीत. आप्पांनी सुतळीने घेतलेले पाठीचे माप त्याच्यापुढे ठेवले. वरातीची सगळी खोगिरे त्या मापाबाहेर गेली. शेवटी त्याने माळ्यावरून एक काढले, जत्रेत लहान मुलांना फिरवण्यासाठी बनवलेले. लाल रेक्झिन, आत मऊ भराव, एका हाताने उचलावे इतके हलके.

घरी ते पाठीवर ठेवले आणि तट्टाने अंग झटकले, तरी ते हलले नाही. तळहातावर तळहात ठेवावा तसे बसले होते. आईने लग्नातल्या इरकली साडीचे काठ काढून रेक्झिनवर मढवले.

यात्रेचा कारभार पाहणाऱ्या रणधीर पाटलांनी घरी येऊन ते उलटसुलट करून पाहिले. ते आप्पांना म्हणाले, "काम झ्याक केलंय वहिनींनी. पर वीरप्पा, देवाला पोरांच्या खेळन्यावर बसवायचं व्हय? आसन बदलायचं तर त्येलाच इचारा."

म्हणून कौल लावला. शांतलिंग पुजाऱ्याने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही गाभाऱ्यासमोर बसून राहिलो. समईची वात सरकवली गेली, बाहेर गुरे परतली. पाकळ्या दगडावर वाळत गेल्या, कडांनी काळ्या झाल्या, आणि दोन्ही तिथेच राहिल्या.

"देव बोलला न्हाय," पाटील उठत म्हणाले. "म्हंजी जुनंच."

"बोलला न्हाय म्हंजी त्येला दोनी चालतंय," आप्पा म्हणाले.

"वीरप्पा, घोडं तुमच्या दावनीला हाय. देव गावाचा हाय."

आप्पा उठले. माझ्याजवळ उत्तर होते, परंतु बायकांनी ओलांडायची नसते त्या पायरीच्या अलीकडे मी बसले होते, तिथून बोललेले आत कोणी ऐकत नाही.

षष्ठीला आप्पांनी गोधडीची घडी घातली, तिच्यावर जुने खोगीर चढवले. हलगी सुरू झाली, भंडारा उधळला, आणि त्या पिवळ्या धुरळ्यात मला दिसले की आप्पा तट्टाला धरून चालत नाहीत. त्यांचे दोन्ही हात खोगिराच्या एका बाजूच्या कडेखाली होते. देवाचे आसन ते उचलून धरत होते. जेवढे उचलता येईल तेवढे. दुसरी बाजू मोकळी होती. देवाच्या खोगिराला बाईने हात लावायचा नसतो. मी त्या मोकळ्या बाजूने चालले, माझे हात माझ्याच ओढणीत गुंडाळून.

वेशीपर्यंत आणि परत. वाटेत तट्टू दोनदा थांबले. लोकांना वाटले, देव कुणाचा तरी नमस्कार घेतो आहे.

गोठ्यात खोगीर उतरवले तेव्हा गोधडीला केस चिकटून आले. खाली कातडी गुलाबी, ओली, उघडी पडली होती. आप्पांचे हात खांद्यापासून वर उठेनात. हळद आणि खोबरेल मी लावले. खुंटीवर इरकली काठांचे छोटे खोगीर टांगलेले होते, कोरे.

दारात बब्रुवान आला. कडेवर त्याचा बरा झालेला मुलगा होता, हातात गुळाचा खडा. मुलाने तो तट्टापुढे धरला. तट्टाने तो खाल्ला, मग त्याचा तळहात चाटला.

"मिरवनुकीत लई शोभलं," बब्रुवान म्हणाला. पाठीकडे पाहून त्याचा आवाज जरा खाली आला. "फुडल्या वर्सी वाढंल की. मंग न्हाय लागायचं."

मुलगा गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता. आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी हळदीची वाटी खाली ठेवली.

"व्हय," आप्पा म्हणाले. "वाढंल."