उजवीकडे न वळणारी गाडी

सकाळचे पावणेसात वाजले, की इमारतीखालच्या पार्किंगमध्ये माणसं जमू लागत. कुणी तोंडात ब्रश धरून, कुणी बाळाला कडेवर घेऊन. सगळ्यांच्या नजरा एका जुन्या पांढऱ्या गाडीकडे. गाडीचा मालक वारला, आणि दोन-तीन महिन्यांतच गाडी सकाळच्या वेळी उजवीकडे वळेनाशी झाली. डावीकडे मुकाट वळे, उजवीकडे मात्र चाक दगडासारखं घट्ट. आता उजवीकडे काय, तर मालक ज्या हॉस्पिटलात वारला ते हॉस्पिटल. भुतंखेतं उतरवणाऱ्या एका बुवांचं आयतंच फावलं.

"ते चाक धरून बसलेत," बुवांनी निदान केलं. "त्यांना तिकडे पुन्हा जायचं नाही."

रोज सात वाजता बुवा येत, आधी इंजिन सुरू करायला लावत आणि बॉनेटवर तळहात ठेवून बारा मिनिटं पुटपुटत. इंजिन म्हणजे प्राण, प्राणाशिवाय मंत्र चढत नाही, असं त्यांचं शास्त्र. मग मालकाची मुलगी चाक फिरवी, ते अलगद फिरे आणि माणसं हात जोडत. बुवांची ताकीद एकच होती: गाडीला पाना लावायचा नाही. पाना लागला, की ते कायमचे निघून जातील. एवढ्या एका वाक्यावर त्यांनी मालकाच्या बायकोला मुठीत ठेवलं होतं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातले मिस्त्री यावर आधी हसत. बरोबर बारा मिनिटांत राग आवरणारं भूत फारच शिस्तीचं दिसतं, असं म्हणत. सोमवारी मात्र त्यांचं हसू पळालं. मुलगी नर्स होती. ड्यूटीला उशीर होतोय म्हणून ती बुवांची वाट न बघता निघाली, पहिल्याच उजव्या वळणावर चाक अडलं आणि गाडी दूधवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन आदळली. त्या पायरीवर रोज बसणारे आजोबा नुकतेच उठून आत गेले होते, म्हणून वाचले. बुवा म्हणाले, बघा, मला डावललं की काय होतं ते. लोकांनी माना डोलावल्या, तेव्हा मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस मरता मरता वाचला, आणि हा गडी त्याचीही जाहिरात करत होता.

गुरुवारी पावणेसातला मिस्त्रींनी स्वतः गाडी सुरू केली आणि मालकाच्या बायकोलाच चाकामागे बसवलं. उजवीकडे चाक हलेना. "वहिनी, आता नुसतं बसून राहायचं," ते म्हणाले. मंत्र नाही, पुटपुट नाही. सात वाजता बुवा आले, तेव्हा वहिनी एका बोटाने चाक उजवीकडे फिरवत होत्या.

बुवा चपापले. पण अशांची जीभ सहसा अडत नाही. आज मंत्र घरूनच सुरू केला होता, असं त्यांनी ठोकून दिलं.

"किती वाजता?" मिस्त्रींनी विचारलं.

"सहाच्या ठोक्याला."

"मग पावणेसातला चाक का अडलं होतं? मंत्र काय लिफ्टची वाट बघत होता?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बुवांना लगेच दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

मिस्त्रींनी दुरुस्तीसाठी किल्ली मागितली, पण वहिनी ती सोडेनात. पाना लावला तर ते जातील, एवढंच पुटपुटत राहिल्या. तेव्हा मुलगी खिडकीशी वाकली.

"आई, मला सायकल शिकवताना बाबांनी महिनाभर सीट सोडली नव्हती. ते माझं चाक अडवतील?"

वहिनींनी इंजिन बंद केलं. मग त्यांनी किल्ली मिस्त्रींच्या हातावर ठेवली.

दुपारी स्टिअरिंगची रॅक, म्हणजे पुढची चाकं वळवणारा दांडा आणि त्याची नळी, उघडून टेबलावर पडली होती. मिस्त्रींनी नळीच्या आतल्या भिंतीत, उजव्या वळणाच्या बाजूला, झिजून पडलेला चर दाखवला. गाडी थंड असताना चाक वळवायला मदत करणारं तेल त्या चरातून निसटतं, म्हणून उजवीकडे दाबच मिळत नाही. इंजिन चालू राहिलं, की तेल तापतं, आतल्या कड्या फुगतात, फट बुजते आणि चाक मोकळं होतं. बुवांचा सगळा मंत्र म्हणजे गाडी तापेपर्यंतचा वेळ. नवी रॅक बसवली, की काम संपलं.

वहिनींनी चरावरून नख फिरवलं. "एवढ्याशा ओरखड्यापायी मी ह्यांना लेकीच्या जिवावर उठलेलं ठरवत होते," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं.

पार्किंगमध्ये आता गर्दी होत नाही. नवा कुणी बुवा कुठे आलाय असं कानावर आलं, तर वहिनी एवढंच सांगतात, की त्याने मंत्र म्हटल्यावर काय होतं ते सगळेच बघतात; न म्हणता काय होतं, ते एकदा बघून घ्या.