मशीन ठीक आहे

मी एक श्रवणयंत्र बोलतोय. आकार शेंगदाण्याएवढा, पण तोरा लाउडस्पीकरचा. माझा मुक्काम एका निवृत्त शिंप्याच्या उजव्या कानात. घरात त्यांना बाबा म्हणतात आणि मला नुसतं 'मशीन'.

मला आणलं ते गैरसमजातून. बाबांना विचारावं एक, तर ते सांगायचे भलतंच. "जेवलात का?" म्हटलं की "ट्रायलला उद्या या" म्हणायचे. मुलाने आणि सुनेने ठरवलं, कानच गेलेत. म्हणून मी आलो. आता बाबा सुतासारखी सरळ उत्तरं देणार, अशी माझी खात्री होती. पहिल्याच दिवशी सुनेचा शब्द न् शब्द मी आत पोचवला. बाबा म्हणाले, "ट्रायलला उद्या या."

खापर अर्थात माझ्यावर फुटलं. मुलाने मला तीनदा श्रवणयंत्रांच्या दुकानात नेलं. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाईंनी मला पुसलं, तपासलं आणि सांगितलं, "मशीन ठीक आहे. बाबांना एकदा डॉक्टरांना दाखवा." निर्दोष सुटलो म्हणून मी खुशीत. मुलगा मात्र खुर्चीतून उठेचना.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. त्यानंतर घरात बाबांचा रोजचा एकच प्रश्न. "त्या रंगाऱ्याचा कोट झाला का?"

"बाबा, तुमचं शिंप्याचं दुकान बंद होऊन अकरा वर्षं झाली," मुलगा सांगायचा. मी ते वाक्य खणखणीत ऐकवायचो. बाबांचा चेहरा उतरायचा. मला कुणी कळवलं कसं नाही, असं पुटपुटत ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. अर्ध्या तासाने पुन्हा कोट, पुन्हा अकरा वर्षं, पुन्हा भिंत. ती बातमी दर वेळी नव्याने पोचवणारा मीच, हे उमगायला मला दोन महिने लागले. शेंगदाण्याची अक्कल ती केवढी!

एका दुपारी सून कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांनी कोटाचं विचारलं. ती सहज म्हणून गेली, "अस्तर लावायचं राहिलंय, बाबा."

बाबा भिंतीकडे वळले नाहीत. बाही सैल ठेव, त्याला दिवसभर हात वर करून काम करावं लागतं, असं त्यांनी बजावलं आणि काजं-बटणांवर तासभर बोलत राहिले. मुलाला हे खोटं बोलणं पटलं नाही. नवरा-बायकोची चांगलीच खडाजंगी झाली. मी सगळं ऐकलं; माझं मत कुणी विचारलं नाही.

मग एका रविवारी बाबा मुलाकडे बघून म्हणाले, "या. तुमचं माप घ्यायचं राहिलंय."

मुलाने तोंड उघडलं. आता अकरा वर्षं येणार, म्हणून मी सरसावलो. पण तो उठला आणि हात पसरून उभा राहिला. बाबांनी वितीने त्याची पाठ मोजली. खांद्यावर तळहात ठेवला.

"उजवा खांदा जरा खाली आहे तुमचा. माझ्या मुलाचाही असाच आहे."

"कसा आहे तो?" मुलाने विचारलं.

"तापट आहे. पण मला एकट्याला सोडत नाही."

माप घेऊन झालं, तरी मुलाचे हात पसरलेलेच होते. एवढं मोलाचं वाक्य, आणि ते ऐकायला त्याला माझी गरजच पडली नाही.

आता मी जुना झालोय. मधेच शिट्टी मारतो, परवा तर साखरेच्या डब्यात सापडलो. बाबाही हल्ली थोडंच बोलतात. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर माझ्यासारख्याला खुशाल आणा, पण सगळा भार माझ्यावर टाकू नका. मला फक्त आवाज पोचवता येतो.

बरंय, निघतो. मुलगा जवळ येऊन बसलाय. कोटाला खिसे किती ठेवायचे, ते बाबांना विचारतोय.